घरमंडळी (कुणाच्या घरी जमणारा ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा गट) भरते, पण एका घरमंडळीच्या दोन होत नाहीत. नेमकं कुठे अडतं?

तंबूवाला
जय ख्रिस्त. घरमंडळी आठ-दहा जणांची असते तोवर छान चालते. वीस-बावीस झाले की बसायला जागा पुरत नाही, बोलणारे तेच चार-पाच जण उरतात, आणि नवीन आलेला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच गळतो. गट निम्मा-निम्मा वाटला की एक भाग बंद पडतो आणि माणसं पुन्हा पहिल्याच घरी येऊन बसतात. किती जण झाल्यावर वाटणी करावी? नव्या घराची जबाबदारी कुणाकडे द्यावी? तिथे बाप्तिस्मा, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं), दान यांचं काय? दृष्टान्त, तत्त्व वगैरे नको, करायचं कसं तेवढं सांगा.

दिवठणी
वाटणी करूच नका. निम्मा गट उठून दुसऱ्या घरी गेला तर फक्त पत्ता बदलतो. नवीन माणूस एकही आलेला नसतो, उलट सवयीची सोबत तुटलेली असते. मग माणसं परतणारच.

आधी आकडा बघा. 8 जणांत आपापसांतल्या जोड्या 28 होतात, 12 जणांत 66, 20 जणांत 190. प्रत्येकाने चारच मिनिटं बोलायचं ठरवलं तरी 20 जणांना 80 मिनिटं लागतात. म्हणून वीसच्या सभेत बहुतेक जण गप्प राहतात. त्यांचा विश्वास थंड झाला असं समजून उपदेश वाढवला की ते आणखी गप्प होतात.

आता नवं घर. ते आपल्यातून कापून काढायचं नसतं, बाहेर शोधायचं असतं. बायबलमधलं लूक 10:5-7 नीट वाचा: शांतिप्रिय माणूस सापडला की त्याच घरात राहा, घरोघर फिरू नका. असा माणूस ओळखायच्या तीन खुणा आहेत: तो ऐकून घेतो, घर उघडतो, आणि आपल्या माणसांना बोलावतो. पहिल्या दोन खुणा पुष्कळांत दिसतात, तिसरीवर सगळं ठरतं. कर्नेल्य या रोमी शताधिपतीने प्रेषित पेत्र पोचण्याआधीच नातलग आणि जिवलग मित्र जमवून ठेवले होते (प्रेषितांची कृत्ये, म्हणजे प्रे. कृत्ये, 10:24).

असा माणूस भेटला की त्याला आपल्या सभेत आणायचा मोह होतो. आणू नका. इथे तो पाहुणा असतो, त्याचे भाऊबंद इथे कधीच येणार नाहीत, आणि महिन्याभरात तो त्यांच्यापासून तुटून आपल्यातला होतो. गदरेकरांच्या प्रदेशातल्या, भुतं काढल्यावर बऱ्या झालेल्या माणसाने बरोबर येऊ द्या म्हणून विनवलं, तरी येशूने त्याला स्वतःच्या घरी, आपल्या लोकांकडे पाठवलं (मार्क 5:19). तुमच्यातले दोघं त्याच्या घरी जाऊ देत. ते दोघं आपली जुनी घरमंडळी सोडत नाहीत. आठवड्यात एक सभा स्वतःच्या पोषणासाठी, दुसरी त्या घरी. निरोपसमारंभ नाही, रडारड नाही.

थोडक्यात, आकडा किती झाला याची वाट बघायची नाही. सहा जण असताना असं घर उघडलं तरी दोघांना पाठवा.

बिरुया_वाचक
दिवठणींशी सहमत, पण दोघांना पाठवून भागत नाही. सभेची घडण अशी हवी की नव्या घरातला माणूस ती दोन महिन्यांत स्वतः चालवू शकेल. तासाभराचं प्रवचन, गिटार, प्रोजेक्टर, छापलेले धडे यांतलं काहीही सभेला अत्यावश्यक झालं की दुसरी मंडळी तिथेच अडली.

आमच्याकडे चालते ती 90 मिनिटांची पद्धत:

पहिली 30 मिनिटं मागे पाहणं. एकमेकांची विचारपूस, प्रार्थना, दोन गीतं वाद्याविना. मग गेल्या आठवड्यात कुणी काय करायचं ठरवलं होतं आणि झालं का, हे नाव घेऊन विचारणं. हा प्रश्न सगळ्यांत अवघड वाटतो म्हणून तो पहिला गळतो, आणि तो गळला की सभा म्हणजे नुसता अभ्यासवर्ग. विचारायचा सूर मात्र हजेरी घेतल्यासारखा नको. "जमलं नाही" असं म्हणणाऱ्याला लगेच "मग या आठवड्यात कुणाची सोबत हवी?" एवढंच विचारायचं.

मधली 30 मिनिटं वचन. उतारा 10 ते 15 ओव्यांचा, फार तर एक पूर्ण घटना. दोनदा मोठ्याने वाचायचा. मग पुस्तक मिटून एकाने आपल्या शब्दांत सांगायचा, राहिलेलं इतरांनी भरायचं. प्रश्न चारच: देवाविषयी काय कळलं, माणसाविषयी काय कळलं, पाळायची आज्ञा किंवा टाळायचं पाप कोणतं, आणि हे कुणाला सांगायचं. चालवणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. चुकीचं उत्तर आलं तर एकच वाक्य: "हे या उताऱ्यात कुठे दिसतं?" बहुतेक वेळा गटच दुरुस्त करतो.

शेवटची 30 मिनिटं पुढे पाहणं. "मी जास्त प्रेम करीन" हा निश्चय झाला नाही; "बुधवारी संध्याकाळी धाकट्या भावाला फोन करून माफी मागीन" हा झाला. मग दोघादोघांनी सराव: ज्याला सांगायचं ठरवलंय तो समोर बसलाय असं धरून उतारा तीन मिनिटांत सांगायचा. वेळ संपत आली की पहिली कात्री या सरावालाच लागते. तसं करू नका, हवं तर एक गीत कमी करा. ज्यांनी सराव केलेला नसतो ते आठवडाभर कुणाला काही सांगत नाहीत.

सुरुवातीला लूक 15, लूक 19:1-10, योहान 4, मार्क 5:1-20, प्रे. कृत्ये 8:26-40 हे उतारे पुरेत. प्रकटीकरण (बायबलचं शेवटचं, गूढ दर्शनांचं पुस्तक) लगेच नको, कितीही आग्रह झाला तरी.

आणि हो, लांबलेल्या सभेत काय होतं ते युतुखाला विचारा (प्रेषित पौलाचं बोलणं लांबलं तेव्हा झोप लागून खिडकीतून खाली पडलेला तरुण, प्रे. कृत्ये 20:9).

तंबूवाला
हे स्पष्ट झालं. दोन शंका. ज्या घरी वाचता येणारं कुणी नाही तिथे ही पद्धत कशी चालेल? आणि दोन महिन्यांच्या विश्वासणाऱ्याच्या हातात सभा दिली तर खोटी शिकवण शिरणार नाही का?

बिरुया_वाचक
वाचता येत नसेल तर फोनवर ध्वनिरूपात शास्त्र लावा, तोच उतारा तीनदा ऐकवा, सांगायला लावा. शाळकरी मूल वाचणार असेल तर त्याला वाचू द्या. लिहिता-वाचता न येणारे लोक घटना बहुधा जास्त नेमकी लक्षात ठेवतात, हेही अनुभवाल.

खोट्या शिकवणीचं म्हणाल तर सभा चालवणं वेगळं, शिकवणं वेगळं. नवा माणूस चार प्रश्न विचारतो, शिकवत नाही. उतारा मध्यभागी राहतो तोवर धोका कमी. धोका वाढतो तो एकच बोलका माणूस उतारा सोडून दर्शनं सांगायला लागतो तेव्हा. 1 करिंथ 14:29 मधला नियम तिथेच लावा: दोघा-तिघांनी बोलावं, इतरांनी पारख करावी.

त्याला मोकळं सोडायचं असं नाही. आधी तुम्ही चालवा, तो बघेल. मग तो चालवेल, तुम्ही शेजारी बसून मदत करा. मग तुम्ही फक्त बघा आणि सभा संपल्यावर दोघंच असताना बोला, सगळ्यांसमोर नाही. मग सभेला जाणं थांबवा, पण त्याला दर आठवड्याला भेटणं चालू ठेवा. अपुल्लोस या उत्साही उपदेशकाला प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने असंच बाजूला घेऊन अधिक बिनचूक समजावलं होतं (प्रे. कृत्ये 18:26). तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात घाई झाली की गट भरकटतो, उशीर झाला की तो कायम तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. दोन्हींत उशीराचं नुकसान जास्त, असं माझं मत.

अंगणातली_मंडळी
राहिलेल्या प्रश्नांवर.

वडील (मंडळीची देखरेख करणारे): सभा चालवणारा आपोआप वडील होत नाही. पौल आणि बर्णबा यांनी लुस्त्र, इकुन्या, अंत्युखिया इथे पहिल्या भेटीत नव्हे, परतीच्या वाटेवर वडील नेमले (प्रे. कृत्ये 14:21-23). पौलाने इफिसातल्या आपल्या सहकारी तीमथ्याला "नवशिका नसावा" अशी अट सांगितली आहे (1 तीमथ्य 3:6), पण क्रेत बेटासाठी दुसरा सहकारी तीत याला दिलेल्या यादीत ती अट नाही, आचरणाच्या बाकी अटी मात्र कडक आहेत. त्यावरून मी एवढंच घेतो की मुदतीपेक्षा वागणूक बघा. एकटा वडील नेमू नका. तीन-चार घरमंडळ्या मिळून दोन-तीन वडील ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यांना एकत्र बसवा.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन: तुमचा संप्रदाय हे दीक्षित पाळकानेच द्यावं असं मानत असेल तर आडवळणाने नियम मोडू नका, पाळकाला ठरलेल्या तारखांना प्रत्येक घरी बोलवा. तसं बंधन नसेल तर ज्याने सुवार्ता सांगितली त्याने दुसऱ्या एका विश्वासणाऱ्यासह बाप्तिस्मा द्यावा. करिंथात पौलाने स्वतः फार थोड्यांनाच दिला होता. प्रभुभोजनासाठी घरात असलेली भाकर पुरते, पण सगळे आल्याशिवाय सुरू करू नका. करिंथात नेमकं तिथेच बिघडलं, काही उपाशी आणि काही झिंगलेले.

जेवण: एकदा एका घरी चार पदार्थ झाले की पुढच्या घरी पाच होतात, आणि गरीब घर आपली पाळी टाळू लागतं. पहिल्याच महिन्यात ठरवा: चहा-पाणी, किंवा प्रत्येकाने आपापलं आणून एकत्र खाणं.

पैसा: दान मोजायला दोन वेगवेगळ्या घरांतले दोघं, वहीत लगेच नोंद, दोघांच्या सह्या, आणि दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचन. 2 करिंथ 8:20-21 मध्ये पौलसुद्धा कुणी दोष लावू नये म्हणून जपतो. बाहेरून भाडं किंवा मानधन आणू नका. ते थांबलं की सभा थांबते. आणि नव्या घराला मदत करायची तर वचन ऐकण्याशी तिची गाठ कधीही घालू नका.

मुलं: घटना सांगेपर्यंत सगळ्यांबरोबर बसवा, घटनेचा अभिनय त्यांनाच करू द्या. नंतर वेगळं बसवायचं असेल तर दोन मोठी माणसं, दार उघडं. एकट्या माणसाकडे मुलं सोपवायची नाहीत, तो कितीही विश्वासू असो.

दिवठणी
एक नोंद ठेवायची राहिली. कागदावर प्रत्येक घरमंडळीचं एक वर्तुळ काढा. आत तीन आकडे: येणारे, विश्वासणारे, बाप्तिस्मा झालेले. तिच्यातून दुसरी निघाली की रेघ ओढून खाली नवं वर्तुळ. नावं लिहू नका, कागद कुणाच्याही हाती लागू शकतो. दर तीन महिन्यांनी वडिलांनी तो समोर ठेवावा. सगळ्या रेघा एकाच वर्तुळातून निघत असतील तर एकच माणूस धावतोय आणि बाकीचे बघताहेत. 2 तीमथ्य 2:2 मध्ये चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि त्यांच्याकडून शिकणारे. तिसऱ्या पिढीचं वर्तुळ जिथे दिसेल तिथे तुमचा वेळ जास्त द्या.

एखादं वर्तुळ रिकामं झालं तर ते खोडू नका, तारीख घालून बंद असं लिहा आणि कारण एका ओळीत नोंदवा: घर बदललं, भांडण झालं, चालवणारा दुसरीकडे गेला. पाच-सहा नोंदी झाल्या की कारण बहुधा एकच निघतं.

तंबूवाला
आभारी आहे. पुढच्या सभेपासून सराव परत चालू करतो आणि तिसरी खूण दिसणारी घरं कुठली ते सगळ्यांना विचारतो. वर्तुळांचा कागद आजच काढायला घेतला, सगळ्या रेघा एकाच घरातून निघताहेत.