डक्टमधून येणारा वास : नाशिकच्या एका सोसायटीच्या बी विंगचा ग्रुप

स्नेहा निकम (बी ३०२)
नमस्कार. कोणाचं नाव घेत नाही, पण ज्यांच्याकडे रोज रात्री सुगंधी तेलाचं मशीन लागतं त्यांनी प्लीज बाथरूमची खिडकी तरी बंद ठेवावी. सगळा वास डक्टमधून आमच्या बेडरूममध्ये येतो. बाळ आठ महिन्यांचं आहे, मागे त्याला नेब्युलायझर लावावा लागला होता हे सगळ्यांना माहीत आहे. आज पुन्हा खोकून खोकून आत्ता कुठे झोपलंय. 🙏

भामरे काका (बी ५०१)
डक्टच्या वरचा एक्झॉस्ट फॅन बंद आहे. मी वार्षिक सभेत सांगितलं होतं. इतिवृत्तात नोंद आहे.

आहेर (बी १०४)
आम्हाला तर डक्टमधून फक्त ४०२ च्या सुकटीचा सुगंध येतो. मन एकदम शांत होतं.

बोरस्ते वहिनी (बी ४०२)
आहेर भाऊजी, सुकट महिन्यातून एखाद्या वेळी होते. तुमची बुलेट रोज पहाटे साडेपाचला सुरू होते. सांगू का अजून?

गायधनी (सचिव)
कृपया विषय सोडून बोलू नये. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

वैशाली (बी २०२)
नाव घेतलं नाही तरी मलाच म्हणताय हे कळतंय, तुमच्या खाली मीच राहते. स्नेहा, मी आयसीयूत बारा-बारा तास उभी असते. घरी आल्यावरसुद्धा डोक्यात मॉनिटरची टींटीं चालूच असते. आंघोळ झाली की दिवे मालवून थोडा वेळ लॅव्हेंडर लावते, तेव्हा कुठे डोळा लागतो. कुणाला त्रास द्यायचा हेतू नाही. दार वाजवून सांगितलं असतंस तरी ऐकलं असतं.

स्नेहा निकम (बी ३०२)
ताई, दोनदा येऊन गेले. कुलूप होतं.

कुलकर्णी काकू (बी १०१)
अगं स्नेहा, एवढं काय घाबरतेस. कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी करून बाळाच्या उशाशी ठेव आणि छातीला निलगिरीचं तेल चोळ. आमच्या वेळी शेक-धुरीवरच मुलं मोठी झाली. हल्ली जरा खोकलं की मशीन लावतात.

देवधर सर (बी ६०३)
काकू, क्षमा करा, पण हे स्पष्ट लिहायलाच हवं. स्नेहा, कापूर आणि निलगिरी बाळाजवळ अजिबात नको. कापूर लहान मुलांच्या अंगात भिनला तर झटके येऊ शकतात. निलगिरीचं तेल चमचाभर जरी पोटात गेलं तरी मूल बेशुद्ध पडू शकतं. मेंथॉलचा बाम तान्ह्याच्या नाकाजवळ लावला तर श्वास अडकू शकतो. कापूर-ओवा-लवंगेची ती पुरचुंडी २०२१ मध्ये ‘ऑक्सिजन वाढतो’ म्हणून घरोघर फिरली होती. तिने ऑक्सिजन वाढत नाही.

कुलकर्णी काकू (बी १०१)
सर, तुम्ही कॉलेजात केमिस्ट्री शिकवलीत, बाळंतपणं नाही केलीत.

देवधर सर (बी ६०३)
मान्य काकू. बाळंतपणातलं तुमचंच ऐकावं. पण कापूर हा रसायनाचाच विषय आहे आणि ते मी आयुष्यभर शिकवलंय.

आहेर (बी १०४)
सर १ - काकू १ 😄

भामरे काका (बी ५०१)
डक्टच्या वरचा एक्झॉस्ट फॅन बंद आहे. इतिवृत्तात नोंद आहे.

वैशाली (बी २०२)
सर, माझं फक्त लॅव्हेंडर असतं. सर्दी असली की निलगिरीचे थोडे थेंब. हा बाटलीचा फोटो बघा.
[फोटो]

देवधर सर (बी ६०३)
फोटो मोठा करून पाहिला. पांढरी प्लास्टिकची बाटली, वर जांभळी फुलं, ‘लॅव्हेंडर अरोमा ऑइल’. वनस्पतीचं शास्त्रीय नाव कुठेच नाही. खऱ्या तेलाच्या बाटलीवर ‘लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया’ असं लिहिलेलं असतं आणि बाटली गडद काचेची असते, कारण उजेड आणि हवा लागली की तेल बिघडतं. तसं जुनं तेल कातडीला लागलं तर पुरळसुद्धा येतं. हे बहुधा नुसतं वासाचं तेल आहे. आपल्याकडे जम्मूत भद्रवाहच्या बाजूला सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशनमधून लॅव्हेंडरची शेती उभी राहिली आहे, तिथे फुलोरा वाफेवर ऊर्ध्वपातित करून तेल काढतात. असं तेल या भावात मिळणार नाही.

आता मुख्य गोष्ट. वैशाली, तू किती थेंब टाकतेस?

वैशाली (बी २०२)
अंदाजाने. पंधरा-वीस पडत असतील. पहिल्या थोड्या वेळाने वासच येईनासा होतो, मग अजून टाकते.

देवधर सर (बी ६०३)
इथेच सगळी मेख आहे. वास गेलेला नसतो, आपलं नाक त्याला सरावतं. खोलीत बसलेल्याला काही जाणवत नाही म्हणून तो थेंब वाढवत जातो, आणि वरच्या मजल्यावर ज्याच्या नाकाला हा वास आत्ता पहिल्यांदा लागतोय त्याला तो अख्खा झोंबतो. स्नेहा खोटं बोलत नाही आणि तूही खोटं बोलत नाहीस. १०० मिली पाण्याला तीन ते पाच थेंब पुष्कळ झाले. अर्धा तास मशीन चालवायचं, मग बंद करून खिडकी उघडायची. रात्रभर नाही.

लॅव्हेंडरमधल्या लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेटमुळे काही लोकांची बेचैनी थोडी कमी होते असं काही अभ्यासांत दिसलं आहे, तेव्हा तुला बरं वाटतं यात खोटं काहीच नाही. रोज झोपायच्या आधी तोच वास असला की शरीरालाही कळतं, आता झोपायचं. पण त्याला ढीगभर तेल लागत नाही. रुमालाच्या टोकावर एक थेंब टाकून उशीपाशी ठेवलास तरी भागेल, आणि तो वास तुझ्या खोलीबाहेर जाणार नाही. निलगिरी मात्र खाली लहान मूल असो की वर, बंदच कर.

आहेर (बी १०४)
सर, संध्याकाळी द्वारका सर्कलवरून घरी येतो, मला रुमाल पुरायचा नाही. चादर भिजवावी लागेल.

बोरस्ते वहिनी (बी ४०२)
😂😂 भाऊजी, हे मात्र खरं बोललात. कुंभमेळ्याच्या नावाने खोदलेल्या रस्त्यांतून आलं की अंग ठणकतं.

आहेर (बी १०४)
वहिनी, मग सुकट माफ.

गायधनी (सचिव)
रस्त्यांविषयी इथे चर्चा नको. विषय डक्ट.

रिद्धी (बी ३०४)
सर, मध्येच विचारते, सॉरी. लाडू मांजराला पिसवा झाल्यात. नेटवर वाचलं टी ट्री ऑइल नैसर्गिक असतं, मानेवर लावलं की पिसवा जातात. आणून ठेवलंय, आज लावू का?

देवधर सर (बी ६०३)
नको! बाटली बंद करून वरच्या कपाटात ठेव. मांजराच्या यकृताला अशी तेलं पचवून बाहेर टाकणं जमत नाही, आणि लावलेलं ते अंग चाटून पोटात घेतं. लाळ गळणं, पाय लटपटणं, थरथर असं काही दिसलं तर लगेच पशुवैद्याकडे. चुकून अंगावर पडलंच तर भांडी घासायच्या लिक्विडने धुवायचं, उलटी करवायची नाही. पिसवांचं औषध पशुवैद्य वजन बघून देतात, तेच लाव. आणि वैशाली, पेपरमिंट किंवा टी ट्री मशीनमध्ये कधी टाकू नकोस, लाडू तुझ्या बाल्कनीत झोपतो.

रिद्धी (बी ३०४)
बापरे. बरं झालं विचारलं. थँक्यू सर 🙏

बोरस्ते वहिनी (बी ४०२)
लाडू सगळ्यांच्याच बाल्कनीत झोपतो. माझ्या पापडांवर पण झोपला होता. मांजरांचं खाणं पार्किंगमध्ये ठेवू नये हे ठरलं होतं ना?

रिद्धी (बी ३०४)
वहिनी, मी आता गेटबाहेर ठेवते. बंद केलंय कधीच.

बोरस्ते वहिनी (बी ४०२)
काल वाटी लिफ्टपाशी होती.

भामरे काका (बी ५०१)
डक्टच्या वरचा एक्झॉस्ट फॅन बंद आहे. फॅन चालू असता तर सुकट, तेल, धुरी कशाचाच प्रश्न आला नसता. मी गेल्या सभेत...

गायधनी (सचिव)
काका, कळलं. तीन वेळा कळलं.

भामरे काका (बी ५०१)
कळून उपयोग काय? मोटर जळालेली आहे. मी स्वतः गच्चीवर जाऊन पंखा हाताने फिरवून पाहिला, पात्यांवर कबुतराचं घरटं आहे. मेंटेनन्स घेता तर दुरुस्ती कोण करणार?

देवधर सर (बी ६०३)
भामरेंचं बरोबर आहे. पंखा हवा वर ओढत नाही, म्हणून २०२ ची हवा ३०२ मध्ये शिरते. थेंब कमी केले तरी पंखा हवाच.

गायधनी (सचिव)
ठीक. अंबडच्या इलेक्ट्रिशियनला उद्या बोलावतो. खर्च कमिटीत ठेवतो.

कुलकर्णी काकू (बी १०१)
आणि माझ्या संध्याकाळच्या धूपाचं काय? त्यावरही आता बंदी का?

देवधर सर (बी ६०३)
बंदी कशाला काकू. पण धूर सुगंधी असला तरी धूरच असतो, आणि दम्याच्या मुलाला तो तेलापेक्षा जास्त बाधतो. देवाजवळ लावा, बाथरूमची खिडकी तेवढा वेळ बंद ठेवा. पंचवटीत पूजासाहित्याच्या दुकानात वाळा मिळतो, माठात टाकतो तोच. त्याची जुडी ओली करून देवघरात ठेवलीत तरी मंद वास येतो, धूर नाही.

कुलकर्णी काकू (बी १०१)
वाळा आहे घरात. बघते.
स्नेहा, मी उद्या दुपारी येते, बाळाला बघायला. कापूर आणत नाही.

स्नेहा निकम (बी ३०२)
या ना काकू.
वैशालीताई, तो साडेआठला झोपतो. पहिली झोप लागेपर्यंत जरा सांभाळा, बाकी तुमच्या लॅव्हेंडरला माझा विरोध नाही.

वैशाली (बी २०२)
मशीन हॉलमध्ये नेते, बाथरूमपाशी नाही. आजपासून तीन थेंब, साडेनऊनंतर, अर्धा तास. वास आला तर ग्रुपवर टाकू नकोस, सरळ फोन कर. रात्री दोन वाजता केलास तरी चालेल, मी जागीच असते.

स्नेहा निकम (बी ३०२)
करते. आणि ताई, बाळाला पुन्हा घरघर लागली तर तुम्हालाच आधी फोन करेन, चालेल ना?

वैशाली (बी २०२)
हो गं. बरगड्या आत ओढल्या जातात का ते आधी बघायचं, दूध पितोय का ते बघायचं. ओढल्या जात असतील तर मला विचारत बसू नकोस, थेट हॉस्पिटल. मी गाडी काढते.

आहेर (बी १०४)
गाडी माझीही आहे. बुलेट नाही, चारचाकी.

गायधनी (सचिव)
उद्या पाणी सकाळी एकच तास येणार आहे. सगळ्यांनी भरून ठेवावे.

भामरे काका (बी ५०१)
इलेक्ट्रिशियन किती वाजता येणार? मी गच्चीची किल्ली घेऊन थांबतो.