मायले डिमेन्शिया आहे, चारपाच जणांसोबत ठेवता येईल असं घर कुठं आहे का?

दारव्ह्याकडची लेक
माझी माय ७४ वर्षांची, डिमेन्शिया म्हणजे विसरण्याचा आजार आहे तिले. दिवस कलला की इळा घेऊन वावरात निघते, ते वावर कधीचंच विकलं, अडवलं की "माह्या वावरात मले जाऊ देत नाही" म्हणून रडते. भाऊ म्हणते नागपूरले वृद्धाश्रमात ठेवू, मले पटत नाही पण कापूस वेचणीच्या दिवसात मी एकटी किती पुरणार? नेदरलँडमध्ये होगेवेक म्हणून वस्ती आहे, २००९ पासून, तिथं असे सहासात जण एका घरात राह्यतात, घरातल्या कामाले हात लावतात, दुकानात जातात. आपल्याकडं असं काही आहे का?

वर्धेकर
ताई आधी बी-१२ न थायरॉइड तपासलं का? त्याच्या कमतरतेनंही विसरभोळेपणा येते आन् तो औषधानं सुधरू शकते. नसन केलं तर सेवाग्रामले दाखवजा. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, फुकट आहे, जवळपासच्या सोयी विचारजा.

नर्सताई
बरेच वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणारं माणूसच घेतात, म्हणून आजार लपवून भरती करू नका, त्यात तिचेच हाल होतात. रात्री किती जणं ड्युटीवर असतात, निघून जाणाऱ्याले बांधतात की सोबत फिरवतात, झोपेची गोळी कोणाले विचारून देतात, हे तोंडावर विचारा. आन् न सांगता दुपारी जाऊन पाहा.

आर्णीवाला
जपानमध्ये अशा माणसांसाठी ग्रुप होम म्हणून छोटी घरं असतात, एका युनिटमध्ये ५ ते ९ जणं, तेवढीच माणसं असली की चेहरे ओळखीचे होतात. आमच्या गावात आम्ही तीन घरांनी मिळून दिवसापुरतं तसंच सुरू केलं, माझे आबाजी न दोन म्हाताऱ्या आमच्या ओसरीवर, एक बाई पगारी. सध्या तुरीच्या शेंगा देतो सोलायले. आबाजी दाणे टोपल्याबाहेर टाकतात, टाकू देतो, हात चालू राह्यला की संध्याकाळची घालमेल पुष्कळ कमी होते. तुमच्या मायले अडवू नका, इळा काढून घ्या न कोणीतरी सोबत शिवेपर्यंत जा, बोलत बोलत परत आणा. मले विचाराल तर गावातच करा, तिले रस्ते तरी माहीत आहेत.

दारव्ह्याकडची लेक
बी-१२ राह्यलंच आहे, करतो. आमच्या गल्लीत अजून एक आजी तशाच आहेत, त्यांच्या सुनेशी बोलून पाह्यतो. दादा, पगार कसा वाटून घेता, न रात्रीचं काय?

आर्णीवाला
पगार तीन वाटे सारखे. रात्रीचं अजून जमलं नाही, ज्याचं त्याच्या घरी.