अत्तम्मा मला चोर म्हणतात, तेही तेलुगूत

अशोक चौकातली सून:
लांबलं तर सांभाळून घ्या. घरात बोलायला कुणी नाही म्हणून इथं लिहितेय.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. सासर पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारं, माझं माहेर बार्शीकडचं. लग्नाला १९ वर्षं झाली. अत्तम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, आता ७४ वर्षांच्या. चाळीस वर्षं बिड्या वळल्या त्यांनी. मांडीवर सूप, फरमा ठेवून पान कातरायचं, दिवसाला हजार बिड्या. कारखान्यात छाट निघाली, म्हणजे बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, की त्या रात्री कुणाशी बोलायच्या नाहीत. माझ्याशी मात्र कायम मराठीतच, मोडकं पण खणखणीत. त्यामुळे मी तेलुगू शिकलेच नाही.

दीड वर्षापासून विसरायला लागल्या. दूध उतू जाणं, तेच तेच विचारणं, ते निभावलं. मग हळूहळू मराठी सुटायला लागलं. आणि गड्ड्याची जत्रा झाल्यापासून, म्हणजे या तीन आठवड्यांत, सगळंच बिघडलंय. रात्रभर जाग्या असतात. दिवेलागणीला पिशवी भरून दारात उभ्या. "नेनु इंटिकि पोता." मी घरी जाते म्हणे. अहो, हेच की घर.

"दोंग" एवढा शब्द मला कळतो. चोर. शेजारणीला माझ्याकडे बोट करून सांगतात की हिनं माझं बिडीचं कार्ड आणि बोरमाळ नेली. बोरमाळ त्यांनीच नणंदेच्या लग्नात मोडली होती. परवा माझाही तोल गेला. घ्या म्हटलं, झडती घ्या माझी. तशा कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि चादरीचं टोक बोटांत धरून वळत राहिल्या. वळणं थांबेना.

नवरा यंत्रमागावर बारा तास. तो म्हणतो, वय झालं. नणंद फोनवरून म्हणते, वहिनी, तुम्ही नीट बघत नाही. झोप यावी म्हणून औषधाच्या दुकानातून एक सर्दीची गोळी आणलेली, तिनं गुंगी येते म्हणाले. ती देतेय. हे खरंच वयाचं आहे का? आणि चोर म्हणाल्या की मी काय बोलू?

निवृत्त सिस्टर:
ताई, तुमच्या लिहिण्यातले "तीन आठवडे" महत्त्वाचे. स्मृतिभ्रंश सहसा वर्षावर्षानं वाढतो. तीन आठवड्यांत माणूस एवढं बदललं तर त्यावर दुसरं काहीतरी येऊन बसलंय असं धरायचं. म्हाताऱ्या बायकांत लघवीचा जंतुसंसर्ग हे नेहमीचं कारण. ताप नसतो, जळजळ सांगत नाहीत, नुसतं भ्रमिष्टासारखं वागणं. बद्धकोष्ठ, पाणी कमी पिणं, सोडियम उतरणं यानंही तसंच होतं.

ती गोळी डॉक्टरांना दाखवा आणि तोवर देऊ नका. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी वृद्धांचा गोंधळ वाढतो. घरात चालू असलेली बाकीची औषधंही पिशवीत घालून न्या. सिव्हिलला लघवी, साखर, सोडियम, थायरॉइड, बी १२ बघायला सांगा. ऐकू नीट येतं का तेही बघा. मन खचलेलं असलं तरी म्हातारपणी विसरभोळेपणासारखंच दिसतं, त्यामुळे मानसोपचार विभागात जायला लाजू नका.

आणखी एक. स्मरणाची चाचणी मराठीत घेतली तर त्या गप्प बसतील. तेलुगूच बोलतात, शाळेत गेलेल्या नाहीत, हे आधी सांगा. नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते, आईची भाषा मागे राहते. तुमच्यावर रुसून त्यांनी मराठी सोडलेलं नाही.

होटगी रोड:
आमच्या नानांचं असंच होतं बगा. बंद पडलेल्या मिलचा भोंगा ऐकू यायचा त्यांना, पहाटे डबा मागायचे. मी वर्षभर भांडलो, मिल बंद आहे, मिल बंद आहे. रोज नव्यानं धक्का बसायचा त्यांना. काय करालाव आपण, असं एक दिवस माझं मलाच वाटलं. मग डबा द्यायचो. कंबर तलावापर्यंत चालत जायचो, परत यायचो, नाना म्हणायचे पाळी झाली.

तुमच्या अत्तम्मा घरी जाते म्हणाल्या तर चप्पल घाला आणि सोबत निघा. कन्ना चौकाला फेरी मारून याच दारात आणा. चोरीचं म्हणाल तर खुलासा देऊ नका. "कार्ड सापडत नाही होय, चला शोधू." त्यांच्या खिशात नाव आणि फोनची चिठ्ठी मात्र ठेवाच, नाना एकदा विजापूर वेशीत सापडले होते.

भक्त ७१:
बाहेरचं काही असेल तर एकदा बघून घ्या. अमावास्येला दाखवा.

निवृत्त सिस्टर:
आधी लघवी दाखवा. अमावास्या दर महिन्याला येते.
ताई, रात्री फारच झालं तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानसचा आहे, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट, मराठीत बोलतात. तुमच्या स्वतःसाठीही करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ वेगळा.

अशोक चौकातली सून:
महिन्यानं लिहितेय. लघवीत जंतू निघाले, बी १२ पण कमी. गोळी बंद केली. दहाएक दिवसांत रात्रीची झोप लागली. विसरणं आहेच, ते राहणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. चाचणीच्या वेळी वॉर्डातल्या एक मावशी तेलुगूवाल्या निघाल्या, त्यांनी विचारलं तर निम्म्याच्या वर उत्तरं आली. मी दारात उभी राहून ऐकत होते. इतकं सलग बोलताना त्यांना किती दिवसांनी ऐकलं.

फिरायला जातो आम्ही. माळ्यावरचा फरमा काढून दिलाय. तंबाखू नाही, जुन्या कॅलेंडरची पानं. दुपारी दोन तास कातरतात, वळतात. मीही वळायला बसले तर माझी एक उचलली, बोटानं दाबली आणि बाजूला फेकली. "छाट." तेवढं मला बरोबर कळलं.

कानाचं अजून राहिलंय, सिस्टर. आणि दोंग म्हणणं काही थांबलेलं नाही. रविवारी नणंद आली होती, तिलाही म्हणाल्या.