उत्तर: लाल पट्ट्यापलीकडचा पारा का चढत नाही?

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १८०० साली प्रिझमने उन्हाचे रंग वेगळे केले, तेव्हा लालच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथेही, थर्मामीटरचा पारा चढला; ही न दिसणारी किरणं म्हणजे अवरक्त (इन्फ्रारेड). हा प्रयोग वर्गात फसतो तो बहुधा थर्मामीटरच्या चकचकीत फुग्यामुळे. फुग्याला काळा पोस्टर कलर लावा. तापाचा थर्मामीटर नको, तो ३५ अंशांखाली दाखवतच नाही. प्रिझम खोक्याच्या काठावर बसवा, रंगांचा पट्टा खोक्यातल्या सावलीत पाडा; एक फुगा निळ्यात, एक पिवळ्यात, एक लालच्या जेमतेम बाहेर, आणि चौथा तुलनेसाठी नुसत्या सावलीत. पाच मिनिटं थांबा. ऊन सरकलं की पट्टाही सरकतो, फुगे हलवत राहा. इंदुरात पावसाळ्यात या फंदात पडूच नका. डिसेंबरातलं निरभ्र ऊन उत्तम. ढगाळ दिवशी अवरक्त किरणं पाहायची तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर दाबा; डोळ्यांना न दिसणारा रिमोटचा प्रकाश पडद्यावर दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेकदा ही किरणं अडवणारा फिल्टर असतो.