शॉन एडवर्ड्स : रग्बी लीगचा हाफ-बॅक युनियनमध्ये बचावाचा प्रशिक्षक कसा झाला?

चौकस_प्रेक्षक (प्रश्न)

गेली काही वर्षे मी रग्बी युनियनची 'सिक्स नेशन्स' ही सहा युरोपीय देशांची स्पर्धा नियमित पाहतो. फ्रान्सच्या बचावाचा विषय निघाला की समालोचक बचाव-प्रशिक्षक शॉन एडवर्ड्स यांचे नाव हमखास घेतात. हे गृहस्थ मूळचे उत्तर इंग्लंडमधील विगनचे आणि रग्बी लीगचे, म्हणजे युनियनहून वेगळ्या नियमांच्या रग्बीचे, खेळाडू. विगनने १९८८ ते १९९५ अशी सलग आठ वर्षे लीगचा चॅलेंज कप जिंकला आणि त्या आठही अंतिम सामन्यांत ते खेळले. मात्र ते होते हाफ-बॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारे. आयुष्यभर वेगळ्या नियमांनी खेळलेल्या अशा माणसावर युनियनच्या संघांनी आपला बचाव का सोपवला असावा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

तेरावा_गडी

याचे उत्तर लीगच्या नियमांतच आहे. लीगमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडल्यावर चेंडूसाठी झटापट होत नाही. तो उठतो, पायाने चेंडू मागे सारतो, आणि तेवढ्या वेळात बचाव करणाऱ्यांना दहा मीटर मागे जाऊन पुन्हा रांग धरावी लागते. एका संघाला असे सहा टॅकल होईपर्यंत चेंडू मिळतो. त्यामुळे तेराच्या तेरा खेळाडू, अगदी नाजूक समजला जाणारा हाफ-बॅकसुद्धा, मागे सरकणे, रांगेत उभे राहणे आणि एकदम पुढे झेपावणे हेच सामनाभर करत असतात. कबड्डीत साखळीतल्या एकाने हात सोडला की चढाई करणारा निसटतो, तसेच हे आहे. युनियनमध्ये टॅकलनंतर चेंडू हिसकावता येत असल्यामुळे संघांचे लक्ष रांग टिकवण्यापेक्षा चेंडू मिळवण्याकडे अधिक असे.

शिवाय एडवर्ड्स नाजूक मुळीच नव्हते. १९९० च्या चॅलेंज कप अंतिम सामन्यात गालाचे हाड मोडल्यावरही ते खेळत राहिले. १९९४ मध्ये वेम्बलीवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध, उंच टॅकल केल्याबद्दल, त्यांना मैदानाबाहेर काढण्यात आले, तरी ग्रेट ब्रिटनने उरलेल्या बारा खेळाडूंनिशी ८-४ असा विजय मिळवला. बचावाच्या या गुरूंच्या अनुपस्थितीत झालेला तो बचाव लीगच्या चाहत्यांना आजही आठवतो, ही गंमतच म्हणायची.

सीमापार

वरील विवेचन योग्य आहे, परंतु त्यात काळाचा मुद्दा राहून गेला. ऑगस्ट १९९५ पर्यंत युनियन हा अधिकृतपणे हौशी खेळ होता आणि लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेल्या माणसाला युनियनची दारे बंद असत. म्हणजे लीगमध्ये व्यावसायिक पातळीवर घडलेले बचावाचे ज्ञान शेजारच्या खेळात उघडपणे नेण्याची सोयच नव्हती. बंदी उठल्यावर, मे १९९६ मध्ये, विगन आणि युनियनचा बाथ संघ यांच्यात दोन सामने झाले : लीगच्या नियमांनी विगनने ८२-६ असा धुव्वा उडवला, तर युनियनच्या नियमांनी बाथने ४४-१९ असे उत्तर दिले. त्याच महिन्यात विगनने ट्विकेनहॅमवर मिडलसेक्स सेव्हन्स ही युनियनची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात त्यांनी हरवलेला संघ होता वॉस्प्स, आणि पुढे २००१ मध्ये एडवर्ड्स याच वॉस्प्सचे प्रशिक्षक झाले.

तिथे प्रशिक्षक वॉरन गॅटलंड यांच्यासोबत त्यांनी बाहेरच्या बाजूने वेगाने आत चालून येणारी बचावाची रांग बसवली. प्रतिस्पर्ध्याला पास देण्यापूर्वी विचार करायला वेळच मिळू नये, हा तिचा हेतू. वॉस्प्सने २००४ आणि २००७ मध्ये युरोपचा हायनेकेन कप जिंकला. २००८ मध्ये दोघेही वेल्सकडे गेले आणि पहिल्याच सिक्स नेशन्समध्ये वेल्सने पाच सामन्यांत मिळून फक्त दोन ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) होऊ दिले. वेल्सचे तीन ग्रँड स्लॅम, म्हणजे स्पर्धेतले सर्व सामने जिंकणे (२००८, २०१२, २०१९), आणि फ्रान्सचा २०२२ चा, हे सारे त्यांच्या बचावाच्या जोरावर उभे आहेत, असे माझे ठाम मत आहे.

शंकेखोर

'त्यांच्या जोरावर' हे जरा अति होते. मुख्य प्रशिक्षक आधी गॅटलंड होते, नंतर फ्रान्समध्ये फाबियां गाल्तिये. विगनमध्ये एडवर्ड्स यांच्याबरोबर खेळलेले अँडी फॅरेल यांनीही बचाव-प्रशिक्षक म्हणूनच नाव कमावले, पण पुढे आयर्लंडचे मुख्य प्रशिक्षक होऊन २०२३ मध्ये ग्रँड स्लॅम मिळवला आणि २०२५ मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या संयुक्त लायन्स संघालाही ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून दिली. एडवर्ड्स २०२० पासून विगनचे मुख्य प्रशिक्षक होणार, अशी घोषणा २०१८ मध्ये झाली होती, पण ते गेले नाहीत. शिवाय २०२३ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेने उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सविरुद्ध चार ट्राय करून २९-२८ असा विजय मिळवला, हेही विसरू नये.

तेरावा_गडी

शंकेखोर, तुलना रास्त आहे, पण तिचा निष्कर्ष मला पटत नाही. मुख्य पद मिळणे हेच यशाचे एकमेव माप धरले, तर एकाच विषयात तीन संघांकडून सातत्याने काम करवून घेणाऱ्या माणसाचे मोल कधी कळणारच नाही. आणि त्या सामन्यातले पहिल्या सत्रातील आफ्रिकेचे ट्राय पाहा : उंच मारलेले चेंडू फ्रान्सला नीट झेलता आले नाहीत, तिथून बरेचसे नुकसान झाले. रांग उभी राहण्याआधीच गोंधळ झाला असेल, तर तो रांगेचा दोष मानायचा का?