मदत हवी आहे: ८.५ च्या जागी १०.५ किलोवॉटचा इलेक्ट्रिक शॉवर, जुनी केबल चालेल का? (इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

रेडिंगला १९३० च्या आसपास बांधलेलं आमचं घर आहे. वरच्या बाथरूममध्ये ८.५ किलोवॉटचा इलेक्ट्रिक शॉवर आहे. थंडीत नळाचं पाणी इतकं गार येतं की कढत पाणी हवं असेल तर धार अगदी बारीक करावी लागते. पुढच्या महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून येताहेत. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना भरपूर गरम पाणी लागतं, म्हणून १०.५ चा शॉवर आणून ठेवलाय. दुकानदार म्हणाला, भोकं तीच, पाइप तोच, अर्ध्या तासाचं काम.

मेन बंद करून जेवढं दिसलं तेवढं सांगतो. जिन्याखालच्या फ्यूज बॉक्समध्ये शॉवरला ४० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे, आरसीडी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे, त्याचं टेस्टचं बटण दाबलं की ट्रिप होतो. शॉवरमागच्या करड्या केबलवर ६ एमएम (तारेची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये) लिहिलंय. तक्त्यात ६ एमएमला ४७ अँपिअर दिलेत. १०.५ किलोवॉटला २४० व्होल्टवर साधारण ४४ लागतात. म्हणजे बसतंय ना? की फक्त एमसीबी ५० चा करावा?

केबल माळ्यावरून जाते. तिथे गेल्या हिवाळ्यात आम्ही लोकरीसारखं इन्सुलेशन घातलं, २७० मिलिमीटर जाडीचं. छतावरचा दोरीचा स्विच आंघोळीनंतर कोमट लागतो आणि एका कोपऱ्यात पिवळट झालाय. हे महत्त्वाचं आहे का, माहीत नाही.

प्रतिसाद १

आधी शेवटच्या ओळीबद्दल. तो स्विच पिवळा पडलाय म्हणजे आत स्क्रू ढिला असण्याची दाट शक्यता आहे. ढिल्या जोडावर ३५ अँपिअर वाहिले की तो जोड तापतो, तापून आणखी ढिला होतो. एमसीबीला हे कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. आरसीडीलाही कळत नाही. आजपासून तो शॉवर वापरू नका, कृपया.

आता केबल. तुम्ही वाचलेले ४७ अँपिअर भिंतीवर उघड्यावर क्लिप मारलेल्या केबलचे आहेत. तीच ६ एमएम छताच्या बोर्डावर १०० मिलिमीटरपेक्षा जाड इन्सुलेशनखाली गेली, की वायरिंगच्या नियमांत तिला २७ अँपिअरच धरतात. रजईत गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर जायला वाटच नसते. म्हणजे तुमचा आत्ताचा ८.५ चा शॉवर, जो ३५ च्या वर घेतो, तोही गेल्या हिवाळ्यापासून तिला जास्त होतोय. दहा मिनिटांची आंघोळ असते म्हणून निभावतंय, पण तीन माणसांनी लागोपाठ केली तर केबलला निवायला वेळ मिळत नाही. आई-बाबा आल्यावर नेमकं तेच होणार.

एमसीबी केबलच्या रक्षणासाठी असतो. केबल तीच ठेवून ५० चा लावलात, तर तिची राखण करणाऱ्यालाच दूर केल्यासारखं होईल. १०.५ ला १० एमएम हवी, आणि तीसुद्धा इन्सुलेशनखालून नको; तिथे १० एमएमलाही ३६ च धरतात.

आपल्याकडचा १५ लिटरचा गिझर बहुधा २ किलोवॉटचा असतो. हे पाच गिझर एका केबलवर आहेत, असं डोळ्यांसमोर आणा. मीटरजवळचा मुख्य फ्यूजही बघायला सांगा. जुन्या घरांत तो कधी कधी ६० चाच असतो, मग शॉवर आणि ओव्हन एकत्र जड जातात. त्या फ्यूजचं सील स्वतः तोडायचं नसतं.

नवं सर्किट टाकलं तर पार्ट पी (इथल्या इमारत-नियमांतला घरच्या वायरिंगचा भाग) खाली कौन्सिलला कळवावं लागतं. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन ते स्वतःच करतो. त्याच्याकडून सर्टिफिकेट मागून घ्या, घर विकताना वकील विचारतात.

प्रतिसाद २

वायरिंगचं वर सांगितलंय तसंच. पाण्याचा हिशोब देतो. नळाचं पाणी ७ अंशांचं आणि अंगावर ४० चं हवं असेल, तर ८.५ चा शॉवर मिनिटाला साधारण ३.७ लिटर देतो, १०.५ चा ४.५ च्या आसपास. पाऊण-एक लिटरचा फरक. रेडिंगचं पाणी जड आहे, शॉवरहेडच्या भोकांत चुना साचतो. हेड काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून बघा. त्याने पाणी जास्त तापणार नाही, पण धार एकसारखी पडेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल इलेक्ट्रिशियन येऊन गेला. स्विच उघडल्यावर न्यूट्रलचा स्क्रू ढिला निघाला, तिथलं वायरचं आवरण काळं पडून कडक झालं होतं. त्याने ते मला हातात दिलं, मी बराच वेळ नुसता बघत उभा होतो. दीड वर्षाची मुलगी त्याच बाथरूमशेजारी झोपते.

मुख्य फ्यूज ८० चा आहे, तो पुरेल म्हणाला. १० एमएमची नवी केबल माळ्यावरून न नेता जिन्याच्या भिंतीवरून प्लास्टिकच्या पट्टीतून नेणार आहे. पट्टी दिसेल, बायकोला आधी आवडलं नव्हतं, तो तुकडा पाहिल्यावर तीच म्हणाली दिसू दे. पट्टीतल्या केबलचा हिशोब करूनच ५० चा एमसीबी लावतो म्हणाला. स्विचही ५० चा नवा. काम येत्या शुक्रवारी आहे, तोवर शॉवरचा एमसीबी बंद ठेवून त्यावर टेप लावलीय.

एक शेवटचं विचारतो: माळ्यावर दिव्यांच्या केबलीही त्याच इन्सुलेशनखाली आहेत. त्या तपासून घ्यायला हव्यात का?

प्रतिसाद १

दिव्यांचा भार फारच कमी असतो, सहसा काळजी नसते. पण छतात बसवलेले गोल स्पॉटलाइट असतील तर त्यांच्यावर इन्सुलेशन टाकलेलं नाही ना, हे शुक्रवारी त्याच माणसाकडून बघून घ्या. माळ्यावर चढणारच आहे तो.