खर्च लिहून गरिबाचं काय भलं होतं?

काळी_कसदार
पाच एकर कोरडवाहू, यवतमाळ जिल्हा, घरात पाच माणसं. पऱ्हाटी म्हणजे कापूस, तिच्यात तुरीच्या ओळी, एका तुकड्यात सोयाबीन. माझं म्हणणं सरळ आहे: ज्याच्याकडे पैसा कमी, त्याने हिशोब जास्त लिहावा. पण महिन्याचा नाही. आपल्याकडे पैसा महिन्याने येतच नाही. सोयाबीन गेलं की येतो, कापूस गेला की येतो, मधे किसान सन्मानचे दोन हजार. म्हणून वही पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठेवावी, सालगड्याचं वर्ष असतं तसं.

आणि नुसता चहा-साखरेचा खर्च लिहून उपयोग नाही. उधारी लिहा. तारीख, वस्तू, रोखीचा भाव, उधारीचा भाव. कपाशीच्या बीटी-2 बियाण्याच्या पाकिटाचा भाव बांधलेला आहे, 2025 च्या खरिपात 901 रुपये. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैसे. तिथे दुकानदाराला हात मारायला जागा कमी, तरी लिंकिंगमध्ये, म्हणजे युरिया हवा तर दुसरा मालही घ्या या सक्तीत, नको असलेली बाटली गळ्यात पडतेच. खरी जागा फवारणीच्या औषधात आहे. छापील किंमत एक, रोखीने घेतलं तर दुसरी, आणि उधारीवाल्याला छापील किमतीवर वर व्याज. 30,000 चा माल जूनमध्ये उचलला आणि महिना शेकडा 3 ने डिसेंबरात चुकता केला, तर 5,400 रुपये नुसते थांबण्याचे झाले. हा आकडा कुठल्याच बिलावर छापलेला नसतो. तो आपल्याच वहीत सापडतो.

आता शिव्या द्या, पण खर्ऱ्याचंही, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीचंही, लिहितो. वीसचा एक, दिवसाला दोन. वर्षाचे 14,600. केंद्राचे 6,000 आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6,000 मिळून बारा हजार होतात.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, वही ठीक हाय, पण मले एक सांगा, हिशोब लिवल्यानं कापसाचा भाव वाढते काय? गरिबाच्या खर्ऱ्याचा हिशोब सारं गाव करते, कापसाच्या काट्याचा कोणी करत नाई. 2025-26 चा हमीभाव मध्यम धाग्याले 7,710 अन् लांब धाग्याले 8,110. गावात गाडी घेऊन येणाऱ्यानं क्विंटलमागं 500 कमी देल्ले, तर 25 क्विंटलावर साडेबारा हजार गेले. म्हणजे तुमच्या खर्ऱ्याएवढेच जवळपास! मंग माणसानं काय सोडाव? दिवसभर डवरा हाकलणारा माणूस दोन खर्रे खाते, तर त्यायच्यावर भाषण. काटकसर शिकवणाऱ्याईनं आधी कमाई शिकवावं.

नागपूर_रिटर्न
इतकं गुंतागुंतीचं करायची गरज नाही. मोबाईलवर खर्च नोंदवायची फुकट ॲप आहेत. उत्पन्नाचे 50 टक्के गरजेला, 30 हौसेला, 20 बचतीला असा साधा नियम पाळला तरी पुरे. यूपीआयमुळे अर्धी नोंद तर आपोआप होते.

वऱ्हाडी_ठेचा
30 टक्के हौसेले! बाप्पा, आमची हौस निंदणातच भागते.

काळी_कसदार
@नागपूर_रिटर्न, ज्याचं उत्पन्न जुलैत शून्य आणि डिसेंबरात लाखभर, त्याने कशाचे 50 टक्के काढायचे? आणि यूपीआयवर दिसतो तो दिलेला पैसा. न दिलेला दिसत नाही, आणि माझी भानगड तिथेच आहे.

@ठेचा, भावाचं मान्य. पण कापूस गाडीवाल्याला का दिला तेही लिहा ना. सीसीआयला, म्हणजे हमीभावाने घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला, द्यायचा तर आता ॲपवर नोंदणी, सातबारा, ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की कपात आणि 12 च्या वर गेला की परत. त्यानंतर खात्यात पैसे यायची वाट. जो थांबू शकतो त्यालाच हमीभाव मिळतो. आपण थांबू शकत नाही, कारण दुकानदाराचा फोन आलेला असतो आणि वेचणीवाल्या बायांना बाजाराच्या दिवशी रोख द्यायची असते. तुमचे साडेबारा हजार भावात गेले असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो ते उधारीतच गेले, फक्त दुसऱ्या दारातून.

मजुराचा_पोरगा
शेतकरी लोक आपसातच वही-वही खेळून राहिले. आमच्याकडे सातबारा नाही, किसान सन्मान नाही, विकलेल्या मालाचा चुकारा नाही. आई-बाप दुसऱ्याच्या वावरात जातात. पावसाळ्यात निंदण, दिवाळीच्या पुढे-मागे वेचणी, फेब्रुवारीनंतर हात रिकामे. रोजगार हमीचा दर 2025-26 मध्ये 312 रुपये होता, पण काम निघालं तर.

खर्चाचं म्हणाल तर रेशनचं धान्य माणशी 5 किलो, जानेवारी 2023 पासून फुकट. त्याने पोट भरतं. पैसा जातो तेल, डाळ, तिखट, साबण आणि दवाखान्यात. आणि रिचार्जमध्ये, जो 28 दिवसांनी संपतो म्हणून वर्षाला बारा नाही, तेरा होतात. यातलं कशावर काट मारायची ते काळी_कसदार यांनी सांगावं. लिहिणं म्हणजे आपली गरिबी आपल्याच अक्षरात वाचणं. माझ्या बापाला ती तोंडपाठ आहे.

धानबांधी
गोंदियाकडचा आहे, आमच्याकडे कापूस नाही, धान. पण मूळ रोग दोन्हीकडे एकच. चहा, खर्रा, रिचार्ज यावर भांडण चाललं आहे, आणि घर बसतं ते लग्न आणि तेरवीत. गाडगेबाबा आपल्याच विदर्भातले, शेंडगावचे. कर्ज काढून सण-पंगती करू नका, हे त्यांनी आयुष्यभर कीर्तनातून सांगितलं. बाबा 1956 ला गेले. पंगती वाढतच गेल्या, त्यात आता डीजे आला.

वऱ्हाडी_ठेचा
तेरवी नाई केली तर गाव बोलते. पोरीच्या लग्नात जेवण कमी पडलं तर व्याही बोलते. गावात राहाचं हाय ना भाऊ. उद्या माह्या वावरातली गाडी फसली, तर वही येईन काय ओढाले? लोकच येतीन.

धानबांधी
लोक येतील हे खरं. पण गंमत पाहा, जो म्हणतो मला लिहिणं जमत नाही, त्याच्याही घरी आहेराची वही असते. कोणी कोणत्या लग्नात 101 दिले, कोणी साडी दिली, वीस वर्षांपूर्वीचं सापडतं. तेव्हा लिहिता येत नाही हे कारण पटत नाही. देण्या-घेण्याची इज्जत जिथे वाटते तिथे आपण अक्षर न अक्षर लिहितो. कृषी केंद्राची उधारी मात्र दुकानदाराच्या वहीत, आणि तो म्हणेल तो आकडा.

गटाची_सचिव
सगळे भाऊच बोलत आहेत म्हणून लिहिते. काटकसर ठरली की ती कोणाच्या ताटातून होते ते कोणी सांगितलं नाही. आमच्या भागात घर अडचणीत आलं की पहिलं दूध बंद होतं. मग बाईच्या रक्तवाढीच्या गोळ्या, मग पोरीचा एसटीचा पास. खर्रा शेवटपर्यंत चालू. म्हणून मी वहीच्या बाजूची आहे, पण वही घरातल्या बाईच्या हातात असेल तर. पुरुषाने लिहिलेल्या हिशोबात 'घरखर्च' ही एकच ओळ असते आणि त्याचा स्वतःचा खर्च 'किरकोळ' असतो.

दुसरं, तुरीचं. वावरात तूर असून आपण दुकानातून डाळ आणतो. घाईत सगळी तूर बाजारात, आणि पोळ्याला किलो-किलोने डाळ विकत. घराला लागेल तेवढी तूर आधी बाजूला काढा, घरीच भरडा. हे मी बचत गटातल्या बायांना वही दाखवूनच पटवलं. तोंडी सांगितलं तेव्हा सगळ्या हो म्हणाल्या आणि तूर विकून आल्या.

गटात पंचसूत्री आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. पहिली चार सगळ्यांना आवडतात, पाचव्याला कोणी वही धरत नाही. गटात महिना शेकडा 2 घेतो तेव्हा बाया कुरकुरतात. पण ते व्याज गटातच राहतं.

मजुराचा_पोरगा
ताई, तुमचं पटतं, पण माझ्या आईच्या नावावर तीन मायक्रो फायनान्सचे हप्ते आहेत. एक दर आठवड्याचा, दोन पंधरवड्याचे. लाडकी बहीणचे 1,500 येतात आणि त्याच आठवड्यात हप्त्याला जातात. एकाचं घेऊन दुसऱ्याचं फेडणं चालू आहे. इथे काटकसर काय करणार?

काळी_कसदार
काटकसर काहीच करणार नाही. मी पहिल्यापासून तेच म्हणत आहे, लोकांनी खर्रा तेवढा वाचला. आईला पोटाला चिमटा घ्यायला कोणी सांगत नाही. तिन्ही हप्ते एका पानावर आले की कळेल कोणतं कर्ज आधी संपवायचं. आत्ता तीन माणसं तीन वारी दारात येतात, आणि जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे मिळतात.

वऱ्हाडी_ठेचा
अन् ज्याच्याजवळ एकाचेबी पैसे नाईत त्यानं? पान पाहत बसाव? मी आजबी तेच म्हणतो. भाव द्या, काम द्या, मंग वही मागा. सरकार आपला हिशोब ठेवत नाई अन् आपल्याले सांगते दमडी-दमडी मोज.

गटाची_सचिव
ठेचा भाऊ, भाव मागायला जाल तेव्हाही एकरी खर्च किती आला ते विचारतील. तेव्हा अंदाजे सांगणार का?

@मजुराचा_पोरगा, हे करून पाहा. रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असं कर्ज देताना, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कर्ज देताना आईचं उत्पन्न किती लिहिलं ते कर्जाच्या कागदावर किंवा कार्डावर पाहा. बारमाही काम असल्यासारखं लिहिलं असेल, तर खरे किती दिवस काम मिळालं ते तुमच्याजवळ लिहिलेलं हवं. नाहीतर तक्रारीत काय मांडाल? क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. तोही काढा. कधीकधी फेडलेलं कर्जही त्यात चालू दिसतं.

मजुराचा_पोरगा
कार्डं आईच्या पेटीत आहेत, संध्याकाळी काढतो. पण कामाच्या दिवसांचं काय? शेतमालक कुठे लिहून देतो.

गटाची_सचिव
नाही देत. आमच्या बाया कॅलेंडरवर लिहितात. ज्या दिवशी कामाला गेल्या त्या चौकटीत वावरवाल्याचं नाव आणि रोज. वेचणी असेल तर किलो. पैसे मिळाले की टिक, राहिले की गोल. तारीखवार सलग लिहिलेलं असलं की समोरच्याला सहज उडवून लावता येत नाही. मागच्या दिवाळीपासूनचं आईला आठवेल तेवढं आधी पेन्सिलने भरा.